नोंदवहीतून उगवलेलं शास्त्र

वीज कंपनी किंवा पाणीपुरवठा खातं म्हटलं की आपल्याला धरणाची भिंत आठवते, टर्बाइन आठवतं, माळरानातून गेलेले मनोरे आणि जाडजूड जलवाहिन्या आठवतात. ही झाली बांधकामं. ती एकदा उभी राहिली की पुढची पन्नास-शंभर वर्षं त्या संस्थेला छळणारे प्रश्न वेगळेच असतात. इथून सोडलेल्या विजेतली किती तिथे पोचेल? शेवटच्या घरातल्या नळाला येणारं पाणी प्यायला चालेल का? नदीत नेमकं कुठून काय मिसळतंय? या प्रश्नांची उत्तरं शोधायची एक मोठी अडचण अशी, की पुरवठा बंद ठेवून प्रयोग करता येत नाही. शहराला तहान लागलेलीच असते आणि गिरण्या चालूच असतात. त्यामुळे जे वाहतंय तेच रोज मोजायचं, लिहून ठेवायचं आणि लिहिलेल्यातून नियम शोधायचा, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे या क्षेत्रात रोजचं कारकुनी वाटणारं काम आणि संशोधन यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. या क्षेत्रातल्या स्त्रियांचा इतिहास मला या पातळ भिंतीमुळेच महत्त्वाचा वाटतो. त्यांना बांधकामावर घेतलं नाही, नियंत्रण कक्षात घेतलं नाही, निर्णयाच्या खुर्चीवर तर नाहीच नाही. घेतलं ते मोजणीच्या आणि आकडेमोडीच्या टेबलावर, कारण ते काम दुय्यम समजलं जात होतं. नेमकं त्याच टेबलावर या सेवांचं मूलभूत ज्ञान तयार झालं. ते कुणी तयार केलं हे मात्र कामावरून ठरलं नाही, पदावरून ठरलं. आणि ही सवय अजून गेलेली नाही.

एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचं उदाहरण घेऊ. व्हॅसार कॉलेजातून पदवी घेतलेल्या या मुलीला 1871 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, प्रवेश मिळाला तो ‘विशेष विद्यार्थिनी’ म्हणून, आणि फी न घेता. फी माफ करण्यामागे औदार्य नव्हतं. कुणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनी नाहीच असं सांगायची सोय त्यात होती. 1873 मध्ये त्या पदवीधर झाल्या. डॉक्टरेट मात्र तिथून कधीच मिळाली नाही. 1884 पासून 1911 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथे आरोग्य-रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ‘इन्स्ट्रक्टर’ राहिल्या. या पदावर असतानाच मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने 1887 मध्ये राज्यातल्या पाण्याची पाहणी हाती घेतली. अधिकृत जबाबदारी प्राध्यापक थॉमस ड्राउन यांची, आणि प्रयोगशाळेतलं काम रिचर्ड्स यांच्या देखरेखीखाली. तळी, नद्या, विहिरी मिळून सुमारे 40,000 नमुने तपासले गेले.

त्या नमुन्यांत क्लोराइड, म्हणजे साध्या मिठाचा अंश, मोजायची एक चाचणी होती. ती दिसायला अगदी सामान्य. पाण्यात पिवळं पोटॅशियम क्रोमेट घालायचं, वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडत जायचं, पिवळा रंग विटकरीकडे झुकला की थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते लिहायचं. कंटाळवाणं काम, हजारो वेळा तेच. पण क्लोराइडची दोन वैशिष्ट्यं आहेत. ते माणसाच्या लघवीतून आणि सांडपाण्यातून भरपूर येतं, आणि मातीतून झिरपताना गाळलं जात नाही. अडचण एवढीच, की समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्या-पावसातूनही ते जमिनीत उतरतं. मग एखाद्या विहिरीतलं मीठ समुद्राचं की गटाराचं हे ओळखायचं कसं? सगळे आकडे राज्याच्या नकाशावर मांडले तेव्हा दिसलं, की स्वच्छ पाण्यातलं क्लोराइड किनाऱ्यापासून आत जावं तसं बऱ्यापैकी नियमितपणे उतरत जातं. समान क्लोराइडच्या गावांना जोडणाऱ्या रेषा किनाऱ्याला समांतर धावू लागल्या. एखाद्या ठिकाणचा आकडा तिथल्या रेषेपेक्षा वर गेला, की तिथे सांडपाणी शिरतंय असा संशय घ्यायचा. ‘सामान्य क्लोरीनचा नकाशा’ म्हणून हा प्रसिद्ध झाला. एका आकड्याला अर्थ नसतो, शेजारच्या आकड्यांनी तो येतो, हे आज पाण्याच्या गुणवत्तेवर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. तेव्हा मात्र ते कुणीतरी पहिल्यांदा करून दाखवावं लागलं.

दुसरं उदाहरण लंडनमधलं. हॅरिएट चिक यांनी लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जागेसाठी अर्ज केला तेव्हा तिथल्या दोघा सहकाऱ्यांनी संचालकांना विनवलं, की बाईची नेमणूक करू नका, बदनामी होईल. संचालकांनी ऐकलं नाही. 1905 मध्ये त्या रुजू झाल्या आणि 1908 मध्ये जंतुनाशनाच्या नियमांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जंतुनाशकात जंतू टाकायचे, ठरावीक मिनिटांनी थोडा भाग काढून किती जगले ते मोजायचं, असं ते काम. निष्कर्ष असा, की जंतू एकदम मरत नाहीत; सारख्या वेळात सारख्या प्रमाणात मरतात. पाच मिनिटांत शंभरातले नव्वद गेले, तर पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्या दहातले नऊ. त्याच वर्षी हर्बर्ट वॉटसन यांनी त्यात औषधाच्या तीव्रतेचा हिशेब जोडला, आणि ‘चिक-वॉटसन नियम’ तयार झाला. योगायोग असा, की त्याच 1908 साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन टाकायला सुरुवात झाली. नुसतं क्लोरीन टाकून भागत नाही, त्याला पाण्यासोबत पुरेसा वेळ द्यावा लागतो आणि मात्रा कमी केली तर वेळ वाढवावा लागतो, हा जलशुद्धीकरण केंद्रातला रोजचा हिशेब या नियमावर उभा आहे. क्लोरीन टाकल्यावर पाणी टाकीत थोपवून ठेवतात ते त्यासाठीच.

विजेच्या बाजूला एडिथ क्लार्क यांची कारकीर्द हा मुद्दा आणखी उघड करते. 1883 मध्ये मेरीलँडमध्ये जन्मलेल्या क्लार्क लहानपणीच पोरक्या झाल्या. वारशाने आलेले पैसे त्यांनी शिक्षणावर खर्च केले. गणित आणि खगोलशास्त्र शिकून काही वर्षं शिकवलं, मग टेलिफोन कंपनी एटी अँड टीमध्ये आकडेमोडीच्या कामावर लागल्या. तिथे अभियंते समीकरणं मांडत आणि हिशेब मुलींचा एक गट हातांनी करत असे. क्लार्क त्या गटाच्या प्रमुख झाल्या. 1919 मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत मास्टर्स पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. इतकं होऊनही अभियंता म्हणून नोकरी मिळेना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं ते पुन्हा आकडेमोड करणाऱ्यांवर देखरेख करायलाच. या दरम्यान त्यांनी पारेषण वाहिन्यांसाठी एक आलेखी गणकयंत्र तयार केलं आणि 1921 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते का लागलं, हे समजून घेण्यासारखं आहे. लांब पल्ल्याच्या तारेत विजेला फक्त विरोध होत नाही. तारेच्या पूर्ण लांबीभर चुंबकीय आणि विद्युतभाराचे परिणाम पसरलेले असतात, आणि त्यामुळे एका टोकाच्या दाबावरून दुसऱ्या टोकाचा दाब काढायला अवघड गणिती फलनं सोडवावी लागतात. दर वेळी कोष्टकं चाळत बसायचं म्हणजे दिवस जायचा. क्लार्क यांच्या साधनाने ते उत्तर आलेखावरून वाचता येऊ लागलं. ही गरज कुणाला जाणवली? ज्यांनी ते हिशेब वर्षानुवर्षं हाताने केले होते त्यांना.

पुढचा टप्पा आणखी बोलका. अभियंत्याचा दर्जा मिळत नाही म्हणून त्या नोकरी सोडून कॉन्स्टँटिनोपलच्या महिला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला गेल्या. 1922 मध्ये परतल्यावर त्याच जनरल इलेक्ट्रिकने त्यांना पूर्ण अभियंता म्हणून घेतलं. मधल्या वर्षभरात त्यांच्या बुद्धीत फरक पडला नव्हता; फरक पडला तो फक्त कंपनीच्या कागदावरच्या हुद्द्यात. 1926 मध्ये पारेषण जाळ्याच्या स्थिरतेवर अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी निबंध वाचला. असा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. तीन फेजच्या वीजप्रवाहाचं गणित सोपं करणारी, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आज ग्रीडला जोडलेल्या बहुतेक मोठ्या सौर इन्व्हर्टरांच्या नियंत्रणात कुठल्या ना कुठल्या रूपात वापरली जाते. हे इन्व्हर्टर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला ते नाव माहीत असेलच असं नाही, आणि असायलाच हवं असंही नाही. मुद्दा नावाचा नाही. हुद्दा बदलला नसता तर हे काम पूर्ण झालं असतं का, हा आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हजारो नमुने तपासणारी प्रत्येक व्यक्ती संशोधक नसते; हिशेब करणारी प्रत्येक मुलगी क्लार्क नसते. नित्याचं काम ते नित्याचंच, संशोधनाला नवा प्रश्न लागतो. हे खरं आहे. चाळीस हजार चाचण्या म्हणजे संशोधन नव्हे, नकाशा म्हणजे संशोधन. पण नकाशा काढायचं सुचतं कुणाला, हेही विचारलं पाहिजे. ज्याने आकडे स्वतः पाहिलेले असतात, कुठला आकडा विचित्र आहे हे ज्याच्या हाताला कळतं, त्याला सुचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अट एवढीच, की त्या व्यक्तीला सगळे आकडे एकत्र पाहायची मुभा हवी, विचारायला वेळ हवा आणि विचारलेलं ऐकणारं कुणीतरी वरच्या खुर्चीवर हवं. रिचर्ड्स यांना ड्राउन होते, चिक यांना न दबणारे संचालक होते. ज्या असंख्य जणींना असं कुणी मिळालं नाही त्यांच्या वह्या वह्याच राहिल्या. या निवडक यशस्वी स्त्रिया अपवाद होत्या, असं म्हणून कुणी हा इतिहास बाजूला सारू पाहील. मला तो अपवादच पुरावा वाटतो. चांगलं शिक्षण, थोडाफार पैसा आणि पाठीशी उभी माणसं एवढं सगळं असूनही ज्यांना हुद्द्यासाठी इतकं ताटकळावं लागलं, त्यांच्याहून कमी सोयी असलेल्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसरा आक्षेप आवडीचा. स्त्रियांना प्रयोगशाळा बरी वाटते, उपकेंद्राची रात्रपाळी नको असते. मग त्या टेबलावर राहिल्या तर त्यात अन्याय कुठला? आवड ही गोष्ट आहेच, पण ती कायद्याच्या कुंपणात वाढलेली असते. आपल्याकडच्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 नुसार स्त्रियांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेबाहेर कारखान्यात कामाला लावता येत नसे. सवलत द्यायची झाली तरी रात्री 10 ते पहाटे 5 हा काळ बंदच. वीजनिर्मिती केंद्र चोवीस तास चालतं. पाळी करता येत नाही म्हणून चालवण्याचा अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून प्रमुखपद नाही, अशी ही साखळी. 2020 च्या कामगार संहितेत संमती आणि सुरक्षेच्या अटीवर रात्रीच्या कामाची वाट मोकळी केली आहे, पण सात दशकं ज्या आवडी या दाराबाहेर घडल्या त्यांना नैसर्गिक म्हणणं फार सोयीचं आहे. आणि वाट मिळाली तेव्हा काय झालं याचंही उदाहरण आहे. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी तान्ही मुलगी होती. 1943 मध्ये मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्या विद्युत अभियंता म्हणून बाहेर पडल्या, जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात प्रशिक्षण घेतलं आणि पुढे कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये पारेषण वाहिन्यांचे आणि उपकेंद्रांचे आराखडे केले. भाक्रा नांगलच्या विजेचं कामही त्यांच्या हातून गेलं. फिरतीची कामं मात्र त्या टाळत, कारण घरी मुलगी होती. याला कुणी आवड म्हणावं, कुणी परिस्थिती.

भारतातलं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र पुण्यातलं आहे. अ‍ॅना मणी त्रावणकोरमधल्या पीरमेडच्या. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केलं, शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि 1945 मध्ये प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली, कारण एमएस्सीची पदवी नव्हती. लंडनला हवामानाच्या उपकरणांचं प्रशिक्षण घेऊन 1948 मध्ये त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि 1953 मध्ये त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली 121 पुरुष होते. जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे ती देशातच बनवता यावीत. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. निवृत्तीनंतर 1980 आणि 1981 मध्ये भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचे दोन ग्रंथ आले, आणि मग त्या वाऱ्याकडे वळल्या. देशभर शेकडो ठिकाणी वाऱ्याच्या वेगाची मोजणी झाली. ज्या काळात सूर्याची वीज कुणी गांभीर्याने घेत नव्हतं, त्या काळात तिचा हिशेब मांडून ठेवलेला होता. या मोजणीचं मोल किती ते एका साध्या गणितातून कळतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगमापकाने वेग 10 टक्के जास्त दाखवला तर हिशेबात ऊर्जा 33 टक्के जास्त येते. एवढ्या चुकीवर उभा राहिलेला पवनऊर्जा प्रकल्प कर्जाचे हप्ते फेडू शकत नाही. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हे त्यांचं धोरण होतं, आणि ते किती व्यवहारी होतं हे वीज विकत घेणाऱ्याला कळेल.

इथे आक्षेप खुद्द मणी यांच्याकडूनच येतो. आपल्याला स्त्री म्हणून काही सोसावं लागलं, हे त्यांनी उतारवयातल्या मुलाखतीत मान्य केलं नाही. स्त्री आणि विज्ञान यावरच्या चर्चेचा त्यांना कंटाळाच होता. त्यांचा हा नकार आदरानेच घ्यायला हवा. कुणी स्वतःला पीडित समजत नसेल तर आपण तिला तसं ठरवणं हाही एक उद्धटपणा. पण त्यांच्या समजुतीवर माझा युक्तिवाद टेकलेला नाही. मी एवढंच पाहतो, की या एका स्त्रीला मोजणीचा विभाग पूर्णपणे सोपवला, कुठलं उपकरण बनवायचं आणि कुठे बसवायचं हे ठरवायची मुभा दिली, तेव्हा एका संपूर्ण उद्योगाचा पाया तयार झाला. टेबल आणि निर्णय एकाच हाती आले तर काय होतं, याचा हा दाखला आहे.

मग शेवटचा आणि सगळ्यात तर्कशुद्ध प्रश्न उरतो. मोजणारा हात कुणाचा, याने काय फरक पडतो? पाण्यातलं मुक्त क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम असेल तर ते कुणीही मोजलं तरी तेवढंच. बरोबर. आकडा बदलत नाही. कुठे मोजायचं, कधी मोजायचं हे मात्र बदलतं. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीजवळ मोजलं तर क्लोरीन जवळजवळ नेहमीच पुरेसं सापडतं. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी नळाशी जाऊन मोजलं. त्या जोडशहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी होतं आणि बाकी ठिकाणी काही दिवसांआड, त्यामुळे तुलना करायची दुर्मीळ सोय होती. 2013 आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसलं, की आंतरायिक पुरवठ्याच्या पाण्यात विष्ठेच्या प्रदूषणाची खूण सांगणारे जंतू जास्त वेळा सापडतात, आणि पाणी सुटल्यावरचा पहिला लोट, तसंच दाब कमी असतानाची वेळ, ही विशेष धोक्याची. पुरवठा बंद असताना रिकाम्या नळात बाहेरची घाण शिरते. पहिलं पाणी सांडून द्यायची सवय घराघरांत होतीच. त्यामागचं कारण आता आकड्यांत आलं. हे काम पुरुषाने केलं असतं तर वेगळं निघालं असतं असं मी म्हणणार नाही. स्त्रीच्या रक्तातच पाण्याची कळकळ असते वगैरे बोलणं मला ऐकवत नाही. चिक यांना ते ऐकवलं असतं तर त्यांनी बहुधा परीक्षानळी उचलून पुढचा नमुना घेतला असता. मुद्दा असा, की नळाशी उभं राहणारी माणसं संस्थेच्या आत जितकी कमी, तितकी नळाशी मोजण्याची कल्पना सुचायला उशीर होतो.

आणि ती कमीच आहेत. जागतिक बँकेने 2019 मध्ये 28 देशांतल्या 64 पाणीपुरवठा संस्थांची पाहणी केली, त्यात कर्मचाऱ्यांतल्या स्त्रिया 18 टक्के निघाल्या. नवीकरणीय ऊर्जेत चित्र थोडं बरं, आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या त्याच वर्षीच्या अहवालात 32 टक्के. तेल आणि वायूच्या क्षेत्रात 22. वरच्या टोकाला बदल दिसतो: लिथियम बॅटऱ्यांवर काम केलेल्या विद्युतरसायनशास्त्रज्ञ एन. कलैसेल्वी 2022 मध्ये सीएसआयआरच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. खालच्या टोकाला त्याहून मोठा बदल चालू आहे, पण त्याची चर्चा कुणी संशोधन म्हणून करत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच जणींना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेलं क्लोरीन अशा चाचण्या त्या रंगावरून किंवा थेंब मोजून करतात आणि आकडे सरकारी संकेतस्थळावर चढतात. तज्ज्ञ म्हणतील, या पेट्यांचे आकडे ढोबळ असतात, त्यावर शास्त्र कसं उभं करणार? प्रयोगशाळेच्या अचूकतेची बरोबरी त्या करणार नाहीत हे मान्यच. पण कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरींतलं क्लोराइड समुद्रामुळे वाढतंय की शोषखड्ड्यांमुळे, हे ढोबळ आकड्यांनीही ओळखता येईल, फक्त ते आकडे गावोगावचे आणि पावसाळ्याआधीचे-नंतरचे एकाच नकाशावर यायला हवेत. ते आज वेगवेगळ्या ओळींत पडून राहतात, आणि ज्यांनी ते मोजले त्यांना शेजारच्या गावचा आकडा बघायचं कारणच दिलेलं नसतं. शहरांतही तेच: बऱ्याच पालिकांत पाण्याची प्रयोगशाळा एका बाजूला आणि जलवाहिन्यांचे निर्णय अभियंत्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि तपासणाऱ्या रसायनज्ञाला तिच्या आकड्यावरून कुठली वाहिनी खणली गेली हे कळेलच याची खात्री नाही. हे बदलायला नवं खातं किंवा मोठा निधी लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या मासिक बैठकीत प्रयोगशाळेचा अहवाल शेवटी ‘नोंद घेतली’ म्हणून उरकण्याऐवजी पहिला विषय म्हणून घ्यावा लागेल, आणि तो मांडायला ज्यांनी नमुने तपासले त्यांनाच बोलवावं लागेल.